दोनशे चाळीस

क्लिनिकने मोडीत काढलेलं बीपीचं यंत्र
मी घरी आणलं ते आईसाठी,
पुढच्या सुट्टीत गुहागरला न्यायला.
मोरेश्वरने त्याचा पट्टा काढून ठेवला,
रबरी नळी नव्या पाइपात खुपसली
आणि डायल डॅशबोर्डवर चिकटवला, माझ्या बाजूला.
तीनशेपर्यंत आकडे आहेत, म्हणाला, पुरेत.

गाडी सत्त्याहत्तरची, दात्सुन पिकअप,
खमीसच्या वडिलांनी मासळी वाहिलेली.
अजून ऊन तापलं की मागच्या फळ्यांना
सुरमईचा वास सुटतो.
आमरातहून कुरुमकडे जाणारा चढ
ती दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायची.
मागून पाण्याचे निळे टँकर दिवे मारायचे.
सहा वर्षं मी आरशात बघणं टाळलं.
त्याला टाळता येत नसावं.

वादी कबीरच्या भंगारात शेर आलमने
बारा रियालला टर्बो दिला:
पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन गोगलगाई.
आतलं पातं बोटाने ढकललं
की फिरत राहायचं,
आपण आत जाऊन चहा टाकून येईपर्यंत.

धुरातला वाया जाणारा जोर
परत कामाला लावायचा, एवढंच, म्हणाला.
उरलेल्या भाताला रोज फोडणी देणाऱ्या बाईला
हे वेगळं समजवावं लागत नाही.
एक झडपही होती, दाब वाढला की सोडून देणारी.
म्हणजे शिट्टी, मी म्हटलं.
हो, पण वाजत नाही.

जूनभर इशाची नमाज झाल्यावरच
लोखंडाला हात लावता यायचा.
मी बॅटरी धरायची. घाम पान्यावर पडायचा.

पहिल्या रात्री गाडी गल्लीच्या टोकाला बंद पडली.
काळा धूर, ओले प्लग,
कार्बोरेटरमधून पेट्रोल ओघळतंय.
उघडलं तर आतला फ्लोट,
पितळेचा, पोकळ, जायफळाएवढा,
चेपून बसलेला.
इतकी वर्षं मोकळ्या हवेच्या भरवशावर तरंगला बिचारा.
चहूकडून दाब आला तसा बुडाला,
मग पेट्रोलला पुरे म्हणणारं कुणी उरलं नाही.
मोरेश्वर तो तळहातावर घेऊन
पायरीवर बसला, बराच वेळ.
जेवायला दोनदा बोलावलं.

भरीव फ्लोट मत्र्याला
बोटी दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाला.
काळा, हलका. कानशीने घासघासून बसवला.
हेडखाली दुहेरी पॅकिंग. ठिणगी जरा मागे घेतली.
पंप बदलला, कारण पेट्रोलचा जोर
हवेपेक्षा कायम थोडा जास्त लागतो,
नाहीतर ऐन चढावर तोंड कोरडं पडतं.

गुरुवारी रात्री साडेअकरा.
माझं काम, आकडा मोठ्याने वाचायचा.
आणि कान दे, डब्यात खडे वाजल्यासारखं झालं
तर ओरड.
साठ.
नव्वद. एकशेवीस.
इथवर माणूस ठीक असतो.
एकशेऐंशी, इथे मी डॉक्टरांना हाक मारते.
दोनशे दहा. तिसरा गिअर,
आणि तिसऱ्यातच राहिला.
खडे नाहीत. नुसती बारीक शीळ,
कुणीतरी दाताच्या फटीतून वाजवावी तशी.
दोनशे चाळीस, मी म्हटलं, दोनशे चाळीस,
आणि टँकर माझ्या खिडकीत आला,
त्याचं चाक, त्याची शिडी, त्याचा चेहरा,
मग मागे गेला.
मी किंचाळत होते असं मोरेश्वर सांगतो.

माथ्यावर गाडी बाजूला घेतली.
खाली मस्कतचे दिवे. काटा शून्यावर.
मी किल्लीला हात घातला तर म्हणाला, थांब,
दोन मिनिटं चालू राहू दे, तेल फिरू दे,
लगेच बंद केली तर ते आतल्या आत जळून चिकटतं.

त्या दोन मिनिटांत त्याने पत्राचं सांगितलं.
कंपनीचं. सप्टेंबरनंतर नको म्हणतात.
मी म्हटलं, माहीत आहे,
शर्ट इस्त्रीला घेतला होता.

मागचा टँकर धापा टाकत आला,
एकदा दिवा मारून पुढे गेला.
मोरेश्वरने घड्याळ बघितलं.
अजून अर्धं मिनिट.